व्हिडिओचा कापलेला शेवट आणि नववीतली मुलं

एका गल्लीत मुलं खेळताहेत. मोटारसायकलवरून दोन माणसं येतात, मागे बसलेला माणूस वाकून एका लहानग्याला उचलतो आणि गाडी सुसाट निघून जाते. बाकीची पोरं मागे धावतात. व्हिडिओ संपतो.

२०१८ साली हा व्हिडिओ भारतात फोनाफोनांवर फिरत होता. सोबत मजकूर असायचा: मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा, सगळ्यांना पाठवा. मूळ व्हिडिओ मात्र तिथे संपत नव्हता. तो पाकिस्तानातल्या कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी तयार केलेला होता. त्यात पुढे तीच मोटारसायकल परत येते, मुलाला सुखरूप खाली सोडते आणि मागचा माणूस एक फलक धरतो. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा. हे शेवटचे काही सेकंद कुणीतरी कापून टाकले.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात त्या दिवशी आठवडी बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा समाज. त्या परिसरात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्याच. जमावाने त्या पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे ते जिवानिशी गेले. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. त्यांना पोलिसांनी कसंबसं सोडवलं.

नववीच्या वर्गात ऑनलाइन खोट्या माहितीबद्दल बोलायचं असतं तेव्हा मी इथूनच सुरुवात करते. वर्गातून पहिला प्रश्न जवळपास नेहमी हाच येतो: ‘मॅडम, म्हणजे तो व्हिडिओ फेक होता?’ उत्तर देताना मला थांबावं लागतं, कारण सगळा गुंता याच शब्दात आहे. त्या व्हिडिओतलं एकही दृश्य संगणकावर बदललेलं नव्हतं. माणसं खरी, गल्ली खरी, मोटारसायकल खरी. खोटा होता तो वरचा मजकूर, आणि गायब होता तो शेवट. त्याच काळात लहान मुलांच्या मृतदेहांचीही एक क्लिप फिरत होती. ती दृश्यंही खरीच होती, पण सीरियातल्या घूता भागात २०१३ साली झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतरची.

मुलांच्या डोक्यात खोटी माहिती म्हणजे फोटोशॉप किंवा एआय, म्हणून ती फोटो मोठा करून सावल्या बघत बसतात. प्रत्यक्षात सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी युक्ती असते खरा फोटो उचलून त्याला चुकीचं गाव, चुकीचं साल किंवा चुकीची माणसं चिकटवायची. त्यासाठी कसलंही तांत्रिक कौशल्य लागत नाही, दोन ओळी टाइप करता आल्या की झालं. म्हणून मुलांना पहिला प्रश्न ‘हे खरं दिसतंय का?’ असा शिकवू नये. ‘हे कुठलं, कधीचं, आणि मला हे सांगणारा कोण?’ असा शिकवावा.

दिसण्यावर विश्वास किती पटकन बसतो याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये माध्यमिक शाळेतल्या मुलांना डेझीच्या फुलांचा एक फोटो दाखवला. फुलं वेडीवाकडी, एकमेकांना चिकटून लांबट झालेली. फोटोखाली सुचवलं होतं की ही जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतरची फुलं आहेत. मुलांना विचारलं, त्या अणुभट्टीच्या परिसरातल्या परिस्थितीचा हा भक्कम पुरावा आहे का? जवळपास ४० टक्के मुलांनी हो म्हटलं. फोटो कुणी काढला, नेमका कुठे काढला, हे प्रश्न फार थोड्यांना पडले.

आणि झाडाचा शेंडा किंवा फूल असं चिकटून पसरट होण्यासाठी किरणोत्सर्ग लागतच नाही. आपल्या अंगणातलं कोंबड्याचं फूल आठवा. त्याचा तो मखमली, पसरट तुरा म्हणजे हाच प्रकार, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला. वर्गात मी ते फूल घेऊन जाते आणि डेझीच्या फोटोशेजारी ठेवते. मुलं दोन्हींकडे बघत राहतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘पण मॅडम, फोटो तर खराच होता ना!’ तिथून चर्चा पुढे सरकते.

याच संशोधकांनी पुढच्या वर्षी केलेला अभ्यास मला शिकवण्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यांनी तीन प्रकारच्या लोकांना संगणकासमोर बसवलं: इतिहासाचे पीएचडी असलेले १० अभ्यासक, स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासण्याचं काम करणारे १० फॅक्ट-चेकर. त्यांच्यासमोर बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं ठेवली आणि कोणतं जास्त विश्वासार्ह ते विचारलं. एक संघटना १९३० पासूनची, साठ हजारांहून जास्त सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेली, छोटी आणि ठरावीक विचारसरणीची. नावं जवळपास सारखी, मांडणी दोन्हीकडे नीटनेटकी. विद्यार्थी आणि इतिहासाचे बरेचसे अभ्यासक त्या पानावरच थांबले. वरून खाली वाचत गेले, बोधचिन्ह पाहिलं, संदर्भांची यादी पाहिली, संकेतस्थळाचा पत्ता .org ने संपतो की .com ने ते पाहिलं. त्यातले कितीतरी जण चकले.

फॅक्ट-चेकर मात्र काही सेकंदांत त्या पानावरून बाहेर पडले. त्यांनी नवीन टॅब उघडला, संघटनेचं नाव टाकलं आणि इतर लोक हिच्याबद्दल काय म्हणतात ते पाहिलं. शोधात आलेल्या पहिल्याच दुव्यावरही त्यांनी घाईने बोट ठेवलं नाही. आधी आलेल्या यादीवरून नजर फिरवली, मग निवड केली. संशोधकांनी या सवयीला जे नाव दिलं त्याला आपण आडवं वाचन म्हणू. पान उभं वाचायचं नाही, आधी आडवं सरकून शेजारी विचारायचं.

ही गोष्ट मराठी घरात मुळीच नवी नाही. मुलीसाठी स्थळ आलं की आपण काय करतो? बायोडेटा कितीही छान छापलेला असो, तो पाठ करून आपण होकार देत नाही. मुलाच्या गावात कोण ओळखीचं आहे ते शोधतो, शेजाऱ्यांना विचारतो, तो जिथे काम करतो तिथल्या कुणाला तरी फोन लावतो. याला चौकशी म्हणतात, आणि ती स्थळाच्या पाठीमागे, दुसऱ्यांकडे करायची असते हे आपल्या आजीलाही ठाऊक असतं. बायोडेटा मुलाकडच्यांनीच लिहिलेला असतो, तसं संकेतस्थळावरचं ‘आमच्याविषयी’ हे पानही त्यांनीच लिहिलेलं असतं. मुलांना मी एवढंच सांगते, पोस्टची चौकशी पोस्टकडे करू नका.

ही चौकशी नुसती सांगून कळत नाही, हाताने करून बघावी लागते. त्यासाठी मी दोन फोटो एकत्र देते आणि कोणता खरा ते सांगत नाही.

पहिला: अवकाशातून दिसणारा भारत, पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, लाल दिव्यांनी लखलखलेला. खाली लिहिलंय, दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेलं दृश्य. दुसरा: बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर, पाणी चक्क गुलाबी.

बहुतेक मुलं छातीठोकपणे सांगतात की पहिला खरा, त्यावर नासाचं नाव आहे. दुसऱ्याला फिल्टर लावलाय. मग मी म्हणते, चौकशी करा. फोटोचा स्क्रीनशॉट काढायचा, गूगल लेन्समध्ये टाकायचा आणि हाच फोटो आणखी कुठे, कधीपासून आहे ते बघायचं. जितका जुना ठावठिकाणा मिळेल तितकं मूळ जवळ येतं. व्हिडिओ असेल तर ठळक दृश्यावर थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा, पुढची कृती तीच.

पाच-सात मिनिटांत वर्गात गलका सुरू होतो. दिव्यांचं ते चित्र एका रात्रीचं नाहीच. अमेरिकेच्या हवामान संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाने २००३ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून ते तयार केलं होतं, भारतातली वस्ती आणि दिवे वर्षागणिक कसे वाढले ते दाखवायला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. दिवाळीशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि नासाने स्वतः २०१२ मध्ये तसा खुलासाही केला आहे. तरी दर दिवाळीला ते पुन्हा उगवतं.

आणि लोणार? ते खरंच गुलाबी झालं होतं, जून २०२० मध्ये. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तिथल्या पाण्याचे नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले, खाऱ्या पाण्यात तगणारे आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि सरोवराचा रंग बदलला. पावसाचं पाणी आल्यावर तो उतरलाही. गंमत म्हणजे इथे नासाने अवकाशातून टिपलेला रंगबदल सचोटीने प्रसिद्ध केलेला आहे. ज्या संस्थेच्या नावाने पहिला फोटो खोटा खपवला, तिचीच साक्ष दुसऱ्या फोटोच्या बाजूने उभी राहते. नाव वर लिहिलेलं असणं आणि त्या संस्थेने खरंच म्हटलेलं असणं यातलं अंतर मुलांना इथे एकदम दिसतं.

खरा फोटो मी मुद्दाम घेते. फक्त खोट्या पोस्टच दाखवत गेलो तर मुलं एकच धडा घेतात, सगळं खोटं असतं. असं मूल उद्या खऱ्या बातमीवर, खऱ्या डॉक्टरवर, पुराच्या खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवणार नाही. आणि हेच मूल ‘सगळेच खोटं बोलतात, मी सांगतो ते ऐक’ म्हणणाऱ्याच्या हाती पटकन लागतं. म्हणून खरं ओळखण्याचा सराव तितकाच व्हायला हवा.

आता मुलांच्या जिव्हाळ्याचा विषय, सुट्टी. जुलैत पाऊस धो-धो कोसळायला लागला की रात्री दहाच्या सुमारास वर्गाच्या ग्रुपवर एक चित्र येतं. जिल्हाधिकारी कार्यालयाचा आदेश, उद्या सर्व शाळांना सुट्टी. राजमुद्रा आहे, खाली सहीही आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने असाच आदेश मला दाखवला. तो आठवीत आहे. दप्तर न भरताच झोपायला निघाला होता. मी काहीच बोलले नाही, फक्त म्हटलं, आदेश मोठ्याने वाच.

तो वाचत गेला. हवामान विभागाचा इशारा २५ आणि २६ तारखेसाठी होता, आणि त्या दिवशी होती १८. मग त्याने वरती पाहिलं. जावक क्रमांक होता, पण दिनांकाची ओळ अर्धी कापलेली. अक्षरांचे नुसते खालचे पाय दिसत होते. आदेश खरा असणार, फक्त आधीच्या कुठल्यातरी वर्षाचा. आम्ही जिल्हा माहिती कार्यालयाचं अधिकृत खातं उघडलं, तिथे काहीच नव्हतं. शाळेच्या ग्रुपवर वर्गशिक्षकांचाही निरोप नव्हता. तो थोडा हिरमुसला, पण त्याने स्वतःच शोधून काढलं होतं, म्हणून मित्रांनाही त्यानेच कळवलं. मी आधीच ‘खोटं आहे ते, झोप’ म्हटलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

मनाचा भाग इथे येतो. त्याला सुट्टी हवी होती, म्हणून अर्धी कापलेली तारीख त्याला दिसली नाही. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. खरी बातमी १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. आणि हा वेग मुख्यतः यंत्रांमुळे नव्हता, तो माणसांमुळे होता. खोटं नवं वाटतं, चकित करतं, किळस आणतं, आणि अशी गोष्ट मनात ठेवून राहवत नाही. म्हणून मुलांना मी सांगते की पोटात काहीतरी हललं, राग, भीती, फार आनंद, ‘बघा मी म्हणत होतो ना’ असं वाटलं, की तीच थांबायची वेळ.

व्हॉट्सॲपवर एक छोटी खूणही मदतीला आहे. मजकुराच्या वर दुहेरी बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं, तर तो मजकूर पाच किंवा जास्त हातांतून फिरत आलेला असतो. ज्या काकांनी पाठवला त्यांनी तो लिहिलेला नाही, आणि कुणी लिहिला हे त्यांनाही माहीत नसतं. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. असा बहुफिरता मजकूर तर एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

एआयबद्दल पालक मला सगळ्यात जास्त विचारतात. बोटं मोजा, दात बघा, पापण्या लवतात का बघा, असली यादी मी मुलांना देत नाही. ती सहा महिन्यांत शिळी होते, आणि ती पाठ असलेल्या मुलाला खोटाच आत्मविश्वास येतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची शिफारस करतोय असा व्हिडिओ फिरला. चेहरा त्याचा, आवाज त्याचा. हा व्हिडिओ खोटा आहे हे शेवटी त्याला स्वतःच्या खात्यावरून सांगावं लागलं. डोळे-कान तिथे पुरे पडत नाहीत, चौकशी पुरते: हे त्याने स्वतःच्या खात्यावर कुठे म्हटलंय का? एखाद्या तरी वर्तमानपत्रात आलंय का? पैसे मागणारा आवाज आईसारखा वाटला, तरी फोन ठेवून आईच्या नेहमीच्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. दाव्यातले दोन-तीन शब्द आणि पुढे ‘फॅक्ट चेक’ असं शोधलं तरी बऱ्याचदा काम होतं. बूम, ऑल्ट न्यूज ही संकेतस्थळं असे दावे तपासण्याचं काम रोज करतात, आणि न्यूजचेकर व फॅक्ट क्रेसेंडो मराठीतूनही करतात.

हे सगळं एका तासात शिकवून होतं का? नाही, आणि याचा पुरावा बिहारमधून आला आहे. तिथे २०१९ च्या निवडणुकीच्या काळात प्रौढांना घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं गेलं. खोटी माहिती ओळखण्याच्या क्षमतेत एकंदरीत फारसा फरक पडला नाही. पुढे त्याच राज्यात आठवी ते बारावीच्या जवळपास १३,५०० मुलांसोबत दुसरा प्रयोग झाला. या वेळी काही आठवडे चालणारे वर्ग, तेही गावातल्या वाचनालयांत. यात शिकलेली मुलं आरोग्याबद्दलची खरी आणि खोटी माहिती जास्त चांगली ओळखू लागली. चार महिन्यांनंतरही ते टिकून होतं, आणि त्यांच्या आईवडिलांपर्यंतही थोडंफार झिरपलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. एखादा पाहुणा बोलावून भाषण ठेवण्यापेक्षा दर आठवड्याला वीस मिनिटं, एक पोस्ट, सगळ्यांनी मिळून चौकशी, हे कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे.

घरातला प्रश्न मात्र नाजूक असतो. एका मुलीने मला विचारलं, ‘मॅडम, काकांनीच फॅमिली ग्रुपवर खोटं टाकलं तर? मी बोलले तर आगाऊ म्हणतील.’ तिची अडचण खरी आहे. ग्रुपवर चारचौघांत ‘हे खोटं आहे’ लिहिलं की काका मजकूर सोडून स्वतःचा मान वाचवायला लागतात. त्यापेक्षा त्यांना वेगळा निरोप करावा: ‘काका, हा फोटो मी शोधून बघितला, तो जुना निघाला, ही लिंक बघा.’ ग्रुपवर दुरुस्ती काकांनाच करू द्यावी. मोठ्यांनीही एक गोष्ट करायला हवी. मुलाने आपली चूक दाखवली तर ग्रुपवर त्याच्या नावानिशी लिहावं की याने शोधून काढलं. मग ते मूल पुढच्या वेळीही सांगायला येतं.

आणि आपल्याच हातून गेलं असेल तर? हे मुलं सगळ्यात हळू आवाजात विचारतात. व्हॉट्सॲपवर साधारण दोन दिवसांच्या आत ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करता येतं, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून ते जात नाही. त्याच ग्रुपवर लिहायचं: ‘काल मी पाठवलेला व्हिडिओ इथला नाही, जुना आणि दुसऱ्या देशातला आहे. कुणी पुढे पाठवला असेल तर त्यांनाही कळवा.’ खोट्या लिंकवरून पैसे गेले असतील तर लगेच घरात सांगायचं आणि १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायचा. जितक्या लवकर फोन, तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, त्या क्षणी मुलावर ओरडू नका, आधी फोन लावा.